आठवीनंतरची शाळा पुढच्या गावात, मग मुलीचं काय?

रानजाई | ८ जून, रात्री ९:४२

नमस्कार. बऱ्याच महिन्यांनी इथे लिहितेय, आणि प्रश्न घरचाच आहे.

माझी पुतणी यंदा आठवी पास झाली. नांदेड जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात आमचं गाव. जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंतच. नववी सहा किलोमीटरवरच्या बाजाराच्या गावात. सकाळी जायला गाडी आहे. शाळा पाचला सुटते आणि परतीची गाडी पावणेसातला. फाट्यावर उतरलं की घरापर्यंत अजून दीड किलोमीटर चालायचं, मध्ये ओढा. हिवाळ्यात त्या वेळी डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही.

भाऊ-भावजय दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ते गुढीपाडव्याच्या आसपास परततात. तेवढे दिवस घरात माझी आई आणि ही पोर. काल फोनवर भाऊ म्हणाला, "ताई, शिकवायला मी नाही म्हणत नाही. पण सांजच्याला फाट्यावर तिच्यासाठी कोण उभं राहील, ते तू सांग."

मला सांगता आलं नाही. याच भावाचा मोठा मुलगा याच गाडीने, याच फाट्यावरून दहावीपर्यंत शिकला. त्याच्या वेळी हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नव्हता.

आठवीच्या वर्गात नऊ मुली होत्या. नववीला जायचं म्हणणाऱ्या दोनच. बाकीच्या घरांतूनही थोड्याफार फरकाने हेच ऐकू येतं.

मुलींच्या शिक्षणाचं घोडं आईबापाच्या मनात अडतं, असं मी इतकी वर्षं मानत आले. आता वाटतं, निदान आमच्याकडे तरी ते शाळा आणि घर यांच्यामधल्या रस्त्यावर अडतं. तुमच्याकडे हा रस्ता कसा सुटला? परदेशात काम केलेल्यांनीही लिहा, कारण ही गोष्ट एकट्या आमच्या गावाची नसणार.

---

जास्वंद | ८ जून, रात्री १०:०५

रानजाई, तिला सरळ पुण्याला तुमच्याकडे घेऊन या.

---

रानजाई | ८ जून, रात्री १०:३१

@जास्वंद, पहिला विचार तोच आला. पण आई एकटी पडेल, माझी नोकरी पाळीची आहे, आणि पोरगी स्वतः म्हणते, "आत्या, मला माझ्या मैत्रिणींबरोबर शिकायचंय." आणि समजा हिला आणलं, तर उरलेल्या आठ जणींना कोण आणणार?

---

खडू_फळा | ८ जून, रात्री ११:२०

ताई, २६ वर्षं मराठवाड्यात शिकवतोय, त्यातली १४ माध्यमिकला. तुम्ही लिहिलंत ते दर जूनमध्ये पाहतो.

आठवी या इयत्तेकडे जरा नीट बघा. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. शाळेतलं दुपारचं जेवण आठवीपर्यंत. मोफत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत. ऊसतोड कामगारांच्या मुलांना गावातच ठेवून जेवणाची सोय करणारं हंगामी वसतिगृहही त्याच वयापर्यंत. म्हणजे सगळे टेकू एकाच वर्षी काढले जातात. आणि मुलगी १४ वर्षांची होते तेव्हाच तर घरच्यांचा जीव टांगणीला लागायला सुरुवात होते. मुलगा त्याच वर्षी त्याच उंबरठ्यावर असतो, पण त्याच्या बाबतीत ही भीती नसते, म्हणून तो पार होतो.

फीचं म्हणाल तर महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे, तेही १९८० च्या दशकापासून. तरी माझ्या वर्गातून मुली गळतात. "फी परवडत नाही" म्हणून मुलीला काढणारा बाप माझ्याकडे क्वचितच आला. "येण्याजाण्याचं जमत नाही" म्हणणारे मात्र दरवर्षी येतात.

आणि मुलगी एका दिवसात शाळा सोडत नाही. आधी सोमवार चुकतो, कारण रविवारी पाहुणे आलेले. मग घरी लहान भाऊ आजारी. मग कापूस वेचणी. हजेरीपटावर "सतत गैरहजर" शेरा पडतो, पण नाव कायम असतं. म्हणून कागदावर ती शिकत असते आणि प्रत्यक्षात शेतात असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. त्यातल्या कितीतरी अशाच "सतत गैरहजर" असणार, असं मला माझ्या हजेरीपटावरून वाटतं.

तुमचा तालुका सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात (मागास तालुक्यांसाठीचा) आहे का, ते आधी बघा. असेल तर मुलींसाठी निळ्या गाड्या असतात. आणि शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात.

---

चौफुला | ९ जून, सकाळी ७:५०

वरच्या दोघांशी माझं जुळत नाही. रस्ता, गाडी, फाटा हे सगळं खरं आहे, पण त्याच्या मुळाशी मनच आहे.

आमच्या घरात पैसा होता, दारात जीप होती, शाळा दहा मिनिटांवर. तरी आम्हा चौघी बहिणींना दहावीनंतर थांबवलं. भावाला देणगी भरून अभियांत्रिकीला घातलं. तो पहिल्या वर्षी दोनदा नापास झाला, तरी "होईल हळूहळू". मला बारावीला बसायचं होतं, तर उत्तर मिळालं की तुझ्या शिक्षणाचा उपयोग सासरच्यांना.

ज्या भावाने मुलाच्या वेळी फाट्याची काळजी केली नाही, तो मुलीच्या वेळी करतो, याला मन नाही तर काय म्हणायचं? अंधार दोघांनाही सारखाच ना?

---

रानजाई | ९ जून, सकाळी ८:२५

@चौफुला, अंधार सारखा नाही हो. मी स्वतः त्या फाट्यावर उतरलेय, म्हणून सांगते. मुलग्याला तिथे फार तर विंचवाची भीती. मला कशाकशाची होती ते इथे लिहीत बसत नाही. भावाची भीती खोटी नाही, त्यामुळेच तिच्यापुढे मी गप्प बसते.

पण तुमचं दुःख कळलं. जीप असूनही थांबवलं, ते जास्त लागलं असेल.

@खडू_फळा सर, सायकल आमच्या नियमात बसत नाही. अंतर सहा किलोमीटर भरतं आणि मध्ये चढ आहे.

---

गंगाकाठचा_मराठी | ९ जून, दुपारी १:१५

बँकेच्या नोकरीत सहा वर्षं बिहारमध्ये काढली, म्हणून सायकलीबद्दल लिहितो.

२००६ साली तिथल्या सरकारने नववीत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकलीसाठी २००० रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर शेजारच्या झारखंडशी ताडून पाहिलं. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगे-मुली यांच्यातलं अंतर ४० टक्क्यांनी कमी झालं. फरक मुख्यतः पडला तो ज्यांची शाळा ३ किलोमीटरहून लांब होती त्या गावांत. शाळा जवळ असलेल्या गावांत सायकलीने फारसं काही बदललं नाही.

म्हणून माझं मत रानजाईंकडे झुकतं. मनं बदलायची वाट बघत बसले असते, तर त्या मुली आज आज्या झाल्या असत्या. अंतर कमी केलं आणि त्याच आईबापांनी, त्याच मनाने, मुली पाठवल्या.

आणि एक जे आकड्यांत मावत नाही ते. एकटी मुलगी सायकलवर निघाली असती तर कुणी ना कुणी अडवलं असतं. सगळ्या वर्गालाच सायकली मिळाल्या, त्यामुळे सकाळी नऊला रस्त्यावर वीस-पंचवीस जणींची रांग लागायची. मी शाखेत जाताना गाडी बाजूला घ्यायचो. त्या रांगेला कोण छेडणार?

---

पाऊलवाट | ९ जून, दुपारी १:४०

वीस-पंचवीस जणींची रांग! वाचूनच छान वाटलं.
आमच्या वेळी बाबा मागून कॅरिअर धरून पळायचे आणि मी ओरडायचे, "सोडू नका हं!" त्यांनी केव्हाच सोडलेलं असायचं. :)

---

शेवंती_७१ | ९ जून, दुपारी ४:०२

एक विषय अजून कुणी काढला नाही, म्हणून मी काढते.

मी शाळेत सकाळी निघताना पाणी प्यायची नाही, कारण संध्याकाळी घरी येईपर्यंत जायला जागा नव्हती. मुलग्यांना शाळेमागची भिंत होती. पाळी सुरू झाल्यावर महिन्याचे चार दिवस घरी. दहा महिन्यांचे चाळीस दिवस झाले. गणिताची त्रैराशिकं नेमकी त्या दिवसांत शिकवून झाली, ती मला पुढे मुलाला शिकवताना पहिल्यांदा समजली.

'असर' या शिक्षणाच्या देशव्यापी ग्रामीण पाहणीत मुलींसाठी वापरता येईल असं स्वच्छतागृह असलेल्या शाळा २०१० मध्ये देशभरात तिसरा हिस्साच होत्या. २०१८ पर्यंत दोन तृतीयांश झाल्या. म्हणजे सुधारणा खरी आहे. पण उरलेल्या एक तृतीयांश शाळांतल्या मुली आजही माझ्यासारख्या तहानलेल्या बसत असतील.

रानजाई, नव्या शाळेत जाल तेव्हा वर्गखोल्या नंतर बघा. आधी मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का आणि नळाला पाणी येतं का, ते बघा.

---

डबल_बेल | ९ जून, रात्री ८:४८

मी निवृत्त वाहक. ३१ वर्षं तिकिटं फाडली, त्यातली निम्मी खेड्यातल्या मार्गांवर. ताई, तुमचा प्रश्न मला कामाचा वाटला, म्हणून कामाचंच सांगतो.

गाडीची वेळ बदलत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, बदलते. मात्र तोंडी मागून नाही. आगारात रोज कुणीतरी येऊन "आमच्या गावाला गाडी द्या" म्हणत असतं. कागद लागतो.

एक, ग्रामसभेचा ठराव. दोन, मुख्याध्यापकाचं पत्र. त्यात शाळा सुटायची वेळ, गाडीची वेळ आणि या रस्त्यावरून येणाऱ्या मुला-मुलींची इयत्तावार संख्या हवी. तीन, पासांची संख्या. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट असतो, मुलग्यांना सवलतीत एकतृतीयांश भाड्यात. लोकांना वाटतं फुकट पासवाली पोरं म्हणजे आगाराला तोटा. तसं नाही. सवलतीची भरपाई सरकार महामंडळाला देतं. म्हणून "आमच्या चाळीस पोरींचे पास आहेत" हे वाक्य पत्रात ठळक यायला हवं. भारमान, म्हणजे गाडीतले प्रवासी, कमी म्हणून फेरी बंद होते, तर भारमान दाखवा.

हे सगळं आगारप्रमुखाला द्या आणि एक प्रत विभाग नियंत्रकाला. पोच घ्या.

अजून एक. पावणेसातच्या गाडीकडेच बघू नका. बाजाराच्या गावातून साडेचार-पाचच्या सुमारास दुसऱ्या कुठल्या तरी गावाला जाणारी गाडी असतेच. ती तुमच्या फाट्यावरून जाते का? आणि जमल्यास मुक्कामी गाडी मागा. गाडी रात्री गावात थांबली की चालक-वाहक गावचेच पाहुणे होतात आणि सकाळी पोरांना सोडून निघत नाहीत. माझ्या मुक्कामाच्या गावात एक आजी मला रोज भाकरी द्यायच्या आणि सांगायच्या, "माझी नात आल्याबगर घंटी मारू नको." दोन वर्षांत एकदाही मारली नाही.

---

वाचकराव | ९ जून, रात्री ९:१०

डबल_बेल काकांना साष्टांग नमस्कार. धागा वाचनखुणेत.

---

इचलकरंजीचा | १० जून, सकाळी ११:३०

कापड उद्योगामुळे ढाक्याजवळ आठ वर्षं होतो. रानजाईंनी परदेशाचं विचारलं आहे, तर बांगलादेशचं सांगतो, कारण तो देश आपल्याहून गरीब असताना या बाबतीत पुढे सरकला.

१९९४ पासून तिथे ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींना शिष्यवृत्ती सुरू झाली. अटी तीन. हजेरी ७५ टक्के, परीक्षेत ४५ टक्के गुण, आणि तोवर लग्न करायचं नाही. पैसे मुलीच्या नावच्या खात्यात. काही वर्षांत माध्यमिक शाळांत मुलींची संख्या मुलग्यांच्या पुढे गेली.

माझ्या कारखान्यातल्या कितीतरी पर्यवेक्षक बायका याच पिढीतल्या. शिवणकामाच्या मशीनवर बसायलाही मापं वाचता यावी लागतात, नगांचा हिशोब जमावा लागतो. शाळेनंतर पगाराची नोकरी दिसते म्हटल्यावर गावाकडचे आईबाप धाकटीलाही शाळेत ठेवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच देशात आजही निम्म्याच्या आसपास मुलींची लग्नं अठराच्या आत होतात. मुली शाळेत पोचल्या, पण दहावीच्या अलीकडे-पलीकडे लग्नाने त्यांना गाठलंच. तेव्हा @चौफुला, तुमचं म्हणणंही मी बाजूला सारत नाही.

---

सह्यकडा | १० जून, दुपारी ३:१७

सगळं मुलींसाठीच का? आमच्या भागात मुलगे दहावी सोडून हॉटेलात कपबश्या विसळायला जातात. त्यांच्या पासाला पैसे पडतात, मुलींना फुकट. समानता म्हणायची तर दोघांना द्या.

---

खडू_फळा | १० जून, सायंकाळी ६:०५

@सह्यकडा, मुलग्यांची गळती खरी आहे. लेसोथो नावाचा आफ्रिकेतला छोटा डोंगरी देश आहे. तिथे लहान मुलग्यांना गुरं राखायला पाठवतात, म्हणून शाळेत कित्येक वर्षं मुलीच जास्त. तिथे कुणी समानतेसाठी झटत असेल तर त्याने मुलग्यांमागेच धावलं पाहिजे.

म्हणून मी वर्गात एवढंच बघतो, की रिकाम्या बाकावर कोण बसायचं आणि आज ते कुठे आहे. हॉटेलात गेलेल्या मुलग्याला मी दोनदा परत आणलंय. तो मला बाजारात दिसतो, त्याच्याशी बोलता येतं, त्याचा मालक सापडतो. घरात बसवलेली मुलगी दिसतच नाही. तिच्या घरी गेलं की ती आतून पाणी आणून ठेवते आणि बाप म्हणतो, "सर, तिलाच आवड नाही." ती मान खाली घालून उभी असते.

पासाचं तुमचं म्हणणं मात्र मान्य. मुलग्यांनाही फुकट मिळायला हवा.

---

बडोदेकर | १० जून, रात्री ९:५५

थोडं विषयांतर, पण फार लांबचं नाही.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदे संस्थानात लागू केलं. मुलींनाही. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा हे कुठेच नव्हतं. पण त्या कायद्यातही मुलग्यांना ७ ते १२ आणि मुलींना ७ ते १० एवढीच सक्ती होती. इतका पुढचा राजा, त्यालाही समाजापुढे मुलींची दोन वर्षं सोडावी लागली.

खडू_फळांनी आठवीच्या उंबरठ्याबद्दल लिहिलं तेव्हा मला ही दोन वर्षं आठवली. कायदा कुठे थांबवायचा हे ठरवताना मुलीचं वय नेहमी आडवं येतं.

---

चौफुला | ११ जून, सकाळी ६:४०

रात्री सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण सायकलींच्या रांगेने विचारात पाडलं. माझ्या आईला मनातून मला शिकवायचं होतं. तिच्या हातात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं, ना पास, ना शिष्यवृत्ती, ना "शेजारची पण जाते" असं म्हणायला शेजारची मुलगी. वडिलांपुढे ती कशाच्या जोरावर बोलणार होती?

रानजाई, त्या दोघींच्या निदान चौघी करा. बाकी आपोआप होईल असं म्हणत नाही, पण चौघी असल्या तर फाट्यावरून चालता येतं.

---

काबूलच्या_वाटेवर | ११ जून, दुपारी १२:२०

मी मदतकार्यात अफगाणिस्तानात काही महिने होतो. २०२१ पासून तिथे सहावीनंतर मुलींना शाळाच बंद आहे, आणि २०२२ च्या डिसेंबरात विद्यापीठंही बंद झाली. ओळखीच्या एका बाईंनी मला विचारलं होतं, तुमच्याकडे मुलींना शाळेत जायला बंदी नाही ना, मग त्या घरी का बसतात? मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. या धाग्याचा अनुवाद करून त्यांना पाठवावा असं वाटतंय.

---

रानजाई | १४ डिसेंबर, रात्री ८:३५

धागा वर काढतेय. जूनमध्ये एवढ्या लोकांनी एवढं मनापासून लिहिलं, त्यांना पुढचं सांगणं माझं कर्तव्य आहे.

डबल_बेल काकांनी सांगितलं तसंच केलं. जूनअखेर आठ दिवस रजा काढून गावी गेले. काकांचा अंदाज खरा निघाला. बाजाराच्या गावातून साडेचारला दुसऱ्या गावाची गाडी सुटते आणि ती आमच्याच फाट्यावरून जाते. शाळा पाचला सुटायची म्हणून ती कुणाच्या उपयोगाची नव्हती. इतकी वर्षं ती रोज जवळजवळ रिकामी गेली आणि आमच्या लक्षातही आलं नाही.

मग आगाराऐवजी आधी शाळेत गेलो. भाऊ, मी आणि आणखी पाच पालक. मुख्याध्यापक आधी कां कू करत होते. पालक सभेत त्या रस्त्यावरच्या तीन गावांच्या मुला-मुलींची संख्या मांडली तेव्हा तयार झाले. शाळा आता दहाला भरते, मधली सुट्टी थोडी कमी केली, सव्वाचारला सुटते. पोरी पाचच्या आत फाट्यावर उतरतात. सध्या सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तोवर घरी पोचून आजीच्या हातचा चहा घेऊन होतो.

शेवंतीताई, कडी नव्हती. आता आहे. पाणी एक दिवसाआड येतं, त्याचा पाठपुरावा चालू आहे.

भाऊ-भावजय दिवाळीनंतर गेले. जाताना तो मला म्हणाला, "ताई, सहा जणी एकदम चालत येतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना पण बरं वाटतंय." चौफुलाताई, तुमची आठवण आली.

नऊपैकी सहा जणी नववीत आहेत. एकीचं मे महिन्यातच लग्न झालं होतं, मला जूनमध्ये ते ठाऊक नव्हतं. एक मामाकडे लातूरला शिकतेय. आणि एक, जी वर्गात पहिली यायची, तिला आईबाप ऊसतोडीला साखर कारखान्यावर घेऊन गेलेत, कारण धाकटा भाऊ आठ महिन्यांचा आहे आणि त्याला कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीवर) सांभाळायला कोणी नाही.

खडू_फळा सर, तिच्यासाठीच विचारतेय. स्थलांतर करणाऱ्या मुलांना गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळतं ना, ते नववीच्या मुलीला चालतं का? तिकडची शाळा तिला बसू देईल का? भाऊ लहान आहे, पण दुपारी आई दोन तास कोपीवर असते, असं ती फोनवर म्हणाली.

---

खडू_फळा | १४ डिसेंबर, रात्री ९:१२

कार्डाच्या नियमात अडकू नका, ते वय बघतील. कारखान्याचा तालुका मला व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) कळवा. त्या बाजूला माझे दोन जुने सहकारी माध्यमिकला आहेत. सकाळी शाळा भरायच्या आत त्यांना फोन करतो. तिची पुस्तकं गावातच राहिली असतील तर ती आधी पोचवायला लागतील, त्याचं बघा.

---

डबल_बेल | १४ डिसेंबर, रात्री ९:३०

पुस्तकं गाडीने पाठवता येतील. व्यनि मलाही करा, कुठल्या गाडीने ते सांगतो.